एक वर, एक खाली: जादूगाराचा मनोरा दोनदा बांधावा लागला, त्याचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री आमच्या माडीवर, डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या गोष्टीच्या खेळात, पाचपैकी तीन पात्रं अर्ध्या तासात मेली आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. चीड नाही, हळहळ नाही, "असं कसं?" म्हणून भांडणही नाही. एकाने मोबाईल काढला, एक जण खाली पाणी प्यायला गेला. खेळातल्या ज्या मनोऱ्यावर मी तीन आठवडे खपलो होतो तो धोकादायक होता यात शंका नाही, पण त्याची भीती कुणालाच वाटली नव्हती. त्या रात्रीपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत त्याच मनोऱ्याचं काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो आहे. खेड्यात हा खेळ चालवणारे दुसरे कुणी असतील तर त्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडाव्यात.

गाव अचलपूर तालुक्यातलं. उत्तरेला गाविलगडाचे डोंगर, भोवती संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर, आणि हिवाळ्यात हरभरा-गहू. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार असतो, तो जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुले झाले, म्हणून मला निर्धास्तपणे मराठी पत्रकं करता आली. पात्राचे सहा गुण आम्ही ताकद, चपळाई, दम, अक्कल, समज आणि छाप असे ठेवले. "दम" या शब्दाने निम्मं काम केलं. ज्याचा दम चौदा आहे तो विष पचवेल, थंडीत टिकेल, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वीस बाजूंचा फासा परतवाड्याच्या बाजारात मिळाला नाही. तंबोल्याच्या सेटमधले १ ते २० आकडे कापडी पिशवीत घातले, तोच आमचा फासा. काढलेला आकडा लगेच पिशवीत परत गेला पाहिजे, नाहीतर एकाला वीस आला की दुसऱ्याला तो मिळणारच नाही आणि सगळं गणित बिघडेल. सहा बाजूंचे फासे लुडोचे.

खेळणारे पाच. माझी चुलतबहीण, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. मोटर रिवायंडिंग करणारा एक. बारावीतला एक. आणि दोघे सख्खे भाऊ, शेती करणारे. त्यांतल्या थोरल्याकडे घरच्या ओलिताचं काम, आणि त्या हिवाळ्यात आमच्या फीडरला शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, आठवडाआड रात्रपाळीला यायची. म्हणजे एक आड एक शनिवारी तो पावणेबाराला उठून वावरात जाणार हे ठरलेलंच. पहिल्यांदा आराखडा काढताना हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

पहिला मनोरा

सहा मजले, एक जिना, प्रत्येक मजल्यावर एक सापळा. दारामागे चाळीस फूट खोल खड्डा, तळाशी विषारी धूर, दुसऱ्या मजल्यावर बाण सोडणारा पुतळा, आणि असंच वरपर्यंत. पात्रं पहिल्या पातळीची, म्हणजे नवशिकी; प्राण, म्हणजे किती इजा सोसता येईल तो आकडा, आठ ते बारा. नियमाप्रमाणे दर दहा फुटांच्या पडण्याला सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे चाळीस फुटांना चार फासे, सरासरी १४ इजा. आठ प्राण असलेलं पात्र त्यात जागीच आडवं. शून्यावर गेलेलं पात्र लगेच मरत नाही, दर फेरीला जगण्या-मरण्याचा फासा टाकतं. पण खड्ड्याच्या तळाशी त्याच्याजवळ पोचणार कोण? एक पडला, त्याला काढायला दोर बांधून उतरलेला दुसरा धुरात गेला, आणि तिसरा पुतळ्यासमोर. उरलेल्या दोघांनी पुढे फक्त एकच काम केलं. लांब बांबू घेतला आणि प्रत्येक फरशी, प्रत्येक भिंत, प्रत्येक दाराची कडी त्याने ठोकत निघाले. एक तास ठकठक चालली.

दुसऱ्या दिवशी वहीत आकडेमोड केली तेव्हा पहिली चूक दिसली. खड्डा चुकवण्यासाठी मी १५ ची अडचण ठेवली होती, म्हणजे फाशाचा आकडा आणि गुणाचे मिळून १५ भरले पाहिजेत. पात्राला चपळाईचे २ मिळतात, म्हणजे पिशवीतून १३ किंवा वरचा आकडा हवा. वीसपैकी आठ आकडे, ४० टक्के. पाचही जणांना तो खड्डा ओलांडायचा होता. पाचही जणांना जमण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात, साधारण १ टक्का. तीच अडचण, पण "कोणीही एकाने ओळखलं तरी चालेल" असं ठेवलं असतं तर ती ९२ टक्के झाली असती. मी मात्र शंभरात एकदा उघडेल असं दार बांधलं होतं.

दुसरी चूक पुतळ्याची. तो कशाने थांबतो हे भिंतीवर कोरलेलं होतं, पण ते दिसण्यासाठीही फासा. एकट्याने बघितलं तर साठ टक्के वेळा माहिती मिळणारच नाही. माहिती नसेल तर खेळणाऱ्याच्या हाती निर्णय काय उरतो? बांबू. म्हणून त्यांनी बांबू घेतला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं.

पण खरी चूक गणिताने सापडली नाही. ती रिवायंडिंगवाल्याने दाखवली. सोमवारी त्याच्या दुकानासमोर उभा होतो, हातातलं तांब्याच्या तारेचं वेटोळं न सोडता तो म्हणाला, "दादा, एक सांगा. तो जादूगार सकाळी उठून संडासले कुठून जाते?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या मनोऱ्यात माणूस राहतच नव्हता. खड्डा, धूर, पुतळा हे सगळं पाहुण्यांसाठी मांडलेलं होतं. घरमालक कुठून ये-जा करतो, चहा कुठे करतो, पाणी कुठून आणतो, त्याला स्वतःला कशाची भीती वाटते, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. ज्या घरात कुणी राहत नाही त्या घराचा अंदाज पाहुण्याला बांधता येत नाही. आणि अंदाजच बांधता येत नसेल तर मरण काय, लॉटरीसारखं येतं आणि जातं.

डोंगर आणि विहीर

पुढच्या रविवारी आम्ही चौघे चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड पाहून आलो. सहल म्हणूनच गेलो होतो, पण माझं लक्ष तटाकडे होतं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला घेतला. तोफांनी बाहेरच्या किल्ल्याच्या तटाला भगदाड पाडलं, सैन्य आत घुसलं, आणि मग कळलं की आतला किल्ला वेगळाच आहे, मध्ये घळ आहे, आणि त्या तटाला भगदाड नाही. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालची तुकडी घळ उतरून शिड्या लावून आतल्या तटावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. त्या जागी उभं राहिलं की हे वाचण्यापेक्षा फार स्वच्छ कळतं. किल्ल्याची ताकद एकामागे एक दारं असण्यात नव्हती. पहिलं दार जिंकल्यावर दुसऱ्याबद्दलचा अंदाज चुकतो, यात होती. आणि तो पडला तो समोरून नाही, बाजूच्या वाटेने. माझ्या मनोऱ्याला बाजूची वाटच नव्हती.

मनोऱ्याचा आत्मा मात्र गावातच मिळाला. आमच्या जुन्या विहिरीवर मोटेचं, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या मोठ्या पोहऱ्याचं, थारोळं अजून शाबूत आहे; धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट, बुजली आहे. आमच्या घरी येणाऱ्या एका म्हाताऱ्या आजोबांनी तरुणपणी मोट हाकली होती. बारावीचा पोरगा त्यांना विचारत होता आणि ते हाताने दाखवत होते: "बैल धावेवरून खाली गेले त मोट वर येते. बैल मांगं सरकले त मोट खाली जाते. अन् नाडा तुटला त बैल तोंडावर पडतेत. म्हणून नाड्याकडे पाह्यत राहा लागते, बैलाकडे नाई."

एक वर, एक खाली. तिथेच वही उघडली.

त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खेड्यात हा खेळ मांडणाऱ्याला ती टाळता येत नाही. माझी पत्रकं ओट्यावर राहिली होती, त्यावर "मंत्र" असं मोठ्या अक्षरात आणि शेजारी कवटीचं चित्र. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि रात्री माडीवर काय चालतं म्हणून काळजीने विचारलं. त्यांची काळजी खोटी नव्हती. करणी केली असा आळ घेऊन माणसांना छळल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. म्हणून तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्या शब्दाने खऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, तो शब्द मी गंमत म्हणून वापरणार नाही, असं तेव्हाच ठरवलं. कवट्या, लिंबू, बाहुल्या सगळं काढलं. "मंत्र" चं "विद्या" झालं. आमचा जादूगार भगत नाही की मांत्रिक नाही. तो यंत्रं बांधणारा, हिशेबी, एकलकोंडा विद्वान आहे. माडीचं दार उघडं ठेवून खेळायचं आणि ज्याला बघायचं त्याने येऊन बसायचं. काकू दोनदा येऊन बसल्या. याने मनोरा सौम्य झाला नाही, उलट जास्त भीतीदायक झाला, कारण हिशेबी माणसाच्या क्रौर्याला कारण असतं.

दुसरा मनोरा

या विद्वानाने एक नियम शोधला आहे: जगात काहीही वर जातं तेव्हा दुसरं काहीतरी खाली येतं, आणि दोर कुणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न असतो. त्याने साठ फूट उंच मनोरा बांधला आणि त्याच्या बरोबर खाली साठ फूट खोल विहीर. वरच्या टोकाला त्याने एक ढग बांधून ठेवला आहे, आणि त्यापायी खालच्या सात गावांच्या विहिरी आटल्या आहेत. पात्रं तिथे का जातात, हे आमच्याकडे कुणाला पटवावं लागलं नाही.

मनोऱ्यात एकही सापळा नाही. सगळी विद्वानाची रोजच्या वापराची साधनं आहेत आणि सगळी त्याच एका नियमाने चालतात. तळमजल्यावर दार म्हणजे उचलला जाणारा दगड. शेजारच्या पारड्यात वजन ठेवलं की दार वर, वजन काढलं की दार धाडकन खाली. इथे कोणी मरत नाही. फार तर बांबू मोडतो, आणि तो मोडलाच. नियम त्यांना मी सांगितला नाही, दाराने सांगितला. धोका दाखवण्याआधी त्याची भाषा शिकवावी लागते, आणि ती अशा जागी शिकवावी जिथे चुकलं तर फक्त काठी जाते.

दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर. चूल पेटवली की ऊब कुठूनतरी घेतली जाते. विद्वान ती तळघरात डांबलेल्या कैद्यांकडून घेत असे. आमच्यातल्या धाकट्या भावाने दिवा लावला आणि बहिणीच्या पात्राची बोटं गारठली. दोन मिनिटं ते एकमेकांकडे बघत होते. मग त्याने दिवा विझवला आणि बाकीचा मजला अंधारात चाचपडत काढला. पहिल्या मनोऱ्यात तीन मरणांनी जे झालं नाही ते एका गारठलेल्या बोटाने झालं: एकाच्या सोयीची किंमत दुसरा देतो आहे हे त्यांना कळलं.

तिसरा मजला ग्रंथालयाचा. पान वाचून ज्ञान वर येतं, त्या बदल्यात वाचणाऱ्याची एक आठवण खाली जाते, कायमची. कोणती, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून पत्रकाच्या मागे पात्राच्या पाच आठवणी लिहून घेतल्या होत्या. बहिणीसमोर ते पान होतं ज्यात ढगाचा दोर कसा सोडायचा ते लिहिलं होतं. तिच्या यादीत आईने शिकवलेलं गाणं होतं, मेलेल्या भावाचा चेहरा होता, गावाची वाट होती. माडीवर कोणी बोललं नाही. तिने बराच वेळ घेतला आणि पेनाने "गावाची वाट" खोडली. "बाकीचे नेतील मला," म्हणाली. या प्रसंगात एकही फासा नव्हता.

चौथा मजला झोपायचा. एकाची जखम भरली की दुसऱ्याला होते. तो चालला नाही. आधीच्या दोन मजल्यांनी तेच सांगून झालं होतं आणि त्यांनी दार बघूनच पुढची वाट धरली. पुन्हा बांधताना तो मजला मी काढून टाकीन. पाच मजले हवेत म्हणून पाच मजले बांधू नयेत.

बाजूची वाट होती विहिरीची. विद्वानाचं पाणी मोटेने वर जातं, तो पोहरा सरळ शेवटच्या मजल्यावर उघडतो. म्हणजे दोन वाटा, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या: जिन्याने चढून विहिरीने उतरता येतं, उलटंही. पात्रं तिसऱ्या पातळीची केली, प्राण वीस-पंचवीस, म्हणजे एका चुकीत कोणी संपणार नाही. पळून जायला जागा असेल तरच माणूस पुढे जायचं धाडस करतो, हे मी पहिल्यांदा विसरलो होतो. फासे फक्त तिथे, जिथे खेळणाऱ्याला काय घडू शकतं ते आधीच दिसलेलं आहे. खुणा शोधायला फासा नाही. बघितलं की दिसलं.

वेळेसाठी पितळी लोटा. खेळातली दहा मिनिटं गेली की त्यात हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा. बारा दाणे झाले की विद्वान परत येतो. दाणा पितळेवर पडल्याचा आवाज माझ्या कुठल्याही वर्णनापेक्षा भारी पडला. नववा दाणा पडला तेव्हा बारावीच्या पोराने पाय जवळ घेतले.

आणि रात्रपाळी. मोटेला खाली दोर धरणारा लागतोच, आणि ढगही त्याच दोराला बांधलेला. थोरला भाऊ ओलिताला निघाला की त्याचं पात्र धावेवर दोर धरून उभं राहणार, असा नियम केला. तो नसताना त्याचं पात्र गप्प बसलेलं नसे. ते सगळ्यांचं वजन पेलत असे.

शेवटची रात्र

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, पावणेबारा. थोरला पायात गमबूट घालून गेला. त्याचं पात्र धावेवर. बाकी चौघे वर, ढगासमोर, लोट्यात अकरा दाणे. बहिणीला पानामुळे गाठ ठाऊक होती. तिने हात पुढे केला आणि थांबली.

"ढग खाली आला त दोर वर जाईन," ती म्हणाली. "म्हणजे तो वर येईन. साठ फूट."

"अन् पाऊस पडून ढग हलका झाला की?" धाकट्याने विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं. तळमजल्याचं दार आठवून त्याने डोळे मिटले. वजन गेलं की दुसरी बाजू पडते. साठ फूट, सहा फासे, सरासरी २१. त्याच्या भावाच्या पात्राचे प्राण २२. हे आकडे मी बोललो नाही, त्यांनीच एकमेकांना सांगितले. नियम त्यांचा झाला होता.

दोर सोडायला चौघेही तयार होते आणि चौघांपैकी कोणीही सोडेना. जो इथे नाही त्याच्या जिवाचा निर्णय आपण कसा घ्यायचा, यावर त्यांचं अडलं. रिवायंडिंगवाला म्हणाला, वेळ संपू दे, विद्वान येऊ दे, त्याच्याशी लढू. बारावीच्या पोराने सात गावांची आठवण करून दिली. शेवटी धाकट्याने फोन लावला. स्पीकरवर आधी मोटारीचा आवाज, मग पाण्याचा. धाकट्याने सगळं सांगितलं, प्राण किती, फासे किती, सगळं.

पलीकडे थोडा वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग तो म्हणाला, "सोडा दोर. धरला म्या."

फासे बहिणीने टाकले. एकेक करून टाकले, एकदम टाकायला तिचा हात धजेना. चार, दोन, पाच, एक, तीन. पंधरा. सहावा फासा लोट्याला धडकून फिरत राहिला आणि चारावर थांबला. एकोणीस. तीन प्राण उरले. धाकटा फोनवर नुसतं "वाचला, वाचला" म्हणत होता, आणि दारात बसलेल्या काकूंनी कोण वाचलं म्हणून विचारलं.

या मनोऱ्यातले काही दोष मला अजून सोडवता आलेले नाहीत. चौथ्या मजल्याचं सांगितलंच. तळघरातले कैदी नुसते किंमत म्हणून राहिले. त्यांच्यापैकी एकालाही मी तोंड दिलं नाही, त्यामुळे सुटका झाली तेव्हा कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. विद्वान शेवटपर्यंत आलाच नाही, आणि बाराव्या दाण्यानंतर काय, याची माझी तयारी कच्ची होती. तो आला असता तर मला तिथल्या तिथे रचावं लागलं असतं. चुलीचा नियम हुशार खेळणाऱ्याने शस्त्र म्हणून वापरला असता तर सगळा मनोरा ढासळला असता. आमच्यापैकी कोणाला ते सुचलं नाही, पण दुसऱ्या गटाला सुचेल.

पुढचा खेळ मृग बहाराची संत्री तोडून झाली की सुरू होईल. पात्रं मनोऱ्याबाहेर उभी आहेत, पाऊस पडतो आहे, आणि बहिणीच्या पत्रकावर मागच्या बाजूला एक ओळ खोडलेली आहे. तिला घरी कोण नेणार, यावर दोघा भावांचं आतापासूनच भांडण सुरू आहे.